तपासणीच्या अर्जात आजाराचं नाव नको, वहीची पानं हवीत

शाळेला अर्ज लिहिताना बहुतेक पालक पहिल्याच ओळीत घोळ घालतात. 'माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, तरी प्रमाणपत्र मिळावे.' शाळा प्रमाणपत्र देत नाही, आणि डिस्लेक्सिया आहे की नाही हे तर अजून ठरायचंय. अशा अर्जावर 'आमच्या अखत्यारीत नाही' असा शेरा मारून मुख्याध्यापक मोकळे होतात, आणि नियमाने बघितलं तर त्यांचं चुकत नाही.

मागायचं ते असं: मुलाला अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण; डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) असावी अशी शंका आहे, शाळेने प्राथमिक पडताळणी करावी आणि पुढच्या तपासणीसाठी लेटरहेडवर वर्गशिक्षकांचा निरीक्षण-अहवाल द्यावा. आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत, असं त्यात आहे. ते मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे, त्यामुळे 'आम्ही विनाअनुदानित' हे कारण चालत नाही. अर्ज एका पानाचा, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वर्गशिक्षिकेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला निरोप म्हणजे अर्ज नव्हे. शाळा दाद देत नसेल तर याच शिक्क्याच्या प्रतीवर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालयही पुण्यातच आहे.

खरं वजन असतं ते जोडलेल्या कागदांना. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपत्रकं सगळेच जोडतात, पण त्यांतले 'ब-2' आणि 'अभ्यासात लक्ष द्यावे' यांतून तपासणाऱ्याला काही कळत नाही. वहीची पानं जोडा, तीही कच्च्या वहीची, श्रुतलेखनाची, चुका तशाच असलेली. आईने शेजारी बसून पुन्हा लिहून घेतलेली सुबक वही इथे काही कामाची नाही. फळ्यावरून उतरवलेला मजकूर आणि ऐकून लिहिलेला मजकूर अशी दोन पानं शेजारी-शेजारी ठेवली की बराच उलगडा होतो. उतरवलेलं ठीक आणि ऐकलेलं विस्कटलेलं असेल तर अडचण ध्वनीवरून अक्षर शोधण्यात असू शकते. दोन्ही विस्कटलेली असतील तर आधी डोळे तपासून घ्या, मग हात.

निरीक्षणं मोजून लिहा. 'वाचताना अडतो' यापेक्षा 'चौथीच्या पुस्तकातला दहा ओळींचा परिच्छेद वाचायला इतकी मिनिटं लागली, अमुक शब्द गाळले, तोच मजकूर वाचून दाखवल्यावर सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोंडी बरोबर दिली'. यातला शेवटचा भाग विसरू नका. समज शाबूत आहे आणि वाचन मागे आहे, ही दरी त्यातूनच दिसते. मराठीत काना, मात्रा, रफार गळणं, जोडाक्षर फोडून वाचणं, घ-ध, भ-म यांची अदलाबदल चौथी-पाचवीतही टिकून असेल तर नोंदवा. ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र सोडून द्या. वेलांट्यांवरून निदान करायचं तर अर्धी सदाशिव पेठ रांगेत उभी राहील. आकड्यांचंही तसंच. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून 52 लिहिणं पहिली-दुसरीत अगदी स्वाभाविक आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या, पंचवीसला 'वीस पाच' म्हणण्याच्या पद्धतीवरून रण माजलं, पण तिच्यामागचं कारण हेच होतं.

तपासणीचा क्रम ठरलेला असतो: दृष्टी आणि श्रवण, बालरोगतज्ज्ञ, बौद्ध्यांक, आणि मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. त्यांत बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी-मालिका सर्रास वापरतात. मूल मराठी माध्यमात असेल तर चाचणी कोणत्या भाषेत होणार हे आधी विचारा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेलं 'डाली' हे साधन मराठीतही आहे. घरात मराठी, शाळा इंग्रजी, आणि माध्यम गेल्याच वर्षी बदललेलं असेल तर तेही अर्जात लिहा, नाहीतर भाषेची सवय नसणं अक्षमतेच्या खात्यावर मांडलं जातं.

खासगी केंद्रात आधी चाचणी झाली असेल तर तो अहवाल दाखवा. तीच बौद्ध्यांक चाचणी काही महिन्यांत परत घेतली तर मूल सरावाने जास्त गुण मिळवतं आणि आकडा फसवा येतो. सवलतींसाठी मात्र सरकारी वैद्यकीय मंडळाचंच प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' या दिव्यांग प्रमाणपत्राच्या पोर्टलवर नोंदणी करायची, रुग्णालय निवडायचं, पावती छापून घ्यायची. ससूनला किंवा दुसरीकडे जाण्याआधी अध्ययन अक्षमतेचा वार कोणता ते विचारा. अस्थिव्यंगाच्या दिवशी गेलात तर केसपेपर निघेल, पण मानसशास्त्रज्ञ भेटतीलच असं नाही. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो, बोनाफाइड आणि शाळेचा अहवाल यांच्या मूळ प्रती न्या. मुलाचा चष्मा आणि डबाही. उपाशी, पेंगुळलेल्या मुलाचा बौद्ध्यांक काढण्यात अर्थ नसतो.

दोन ठिकाणी पालकांची निराशा होते. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अध्ययन अक्षमतेची चाचणी बौद्ध्यांक 85 च्या वर असेल तरच पुढे सरकत होती (ही तत्त्वं 2024 मध्ये सुधारली, म्हणून सध्याची अट विचारून घ्या). 70 ते 84 मधलं मूल धड अध्ययन अक्षमतेत नाही, धड बौद्धिक अक्षमतेत नाही. त्याला मदतीची गरज सर्वांत जास्त आणि कागद सर्वांत कमी. दुसरं, नुसती अतिचंचलता (एडीएचडी) कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वतंत्रपणे नाही. मुलाला दोन्ही असेल तर अर्जात भर वाचन-लेखनावर द्या.

2018 च्या तत्त्वांप्रमाणे आठ वर्षांच्या आत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळत नव्हतं. पण प्रमाणपत्र नाही म्हणून विशेष शिक्षकाकडचं काम थांबवायचं नसतं, ते सहाव्या वर्षीही सुरू करता येतं. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जास्त वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. पण दहावीला हा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, आणि दिवाळीनंतर धावाधाव सुरू केली तर वैद्यकीय मंडळाची तारीखच हातात नसते. 2018 च्या तत्त्वांप्रमाणे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी लागत होती. चौदावं बहुधा आठवी-नववीत येतं. तेव्हा चौथीत घेतलेला कागद दहावीला चालेल असं गृहीत न धरता त्यावरची मुदत आजच बघा, आणि संपत असेल तर आठवीच्या उन्हाळी सुट्टीतच नंबर लावा.