पेटीतून काढलेले कपडे

बालाघाटाच्या डोंगरातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. म्हातारी माणसं आणि आजीजवळ राहिलेली लेकरं, एवढेच समोर बसायला.

बारा वर्षं मी या दिवसासाठी मुलींना भाषणं लिहून देत आले. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ इथून सुरुवात, मग 1848 ची भिडेवाड्यातली शाळा, अंगावर पडलेलं शेण, शाळेत गेल्यावर बदलायचं दुसरं लुगडं. पोरी धडाधड म्हणून दाखवायच्या. तालुक्याच्या स्पर्धेत पाठांतराला वेगळे गुण असतात, म्हणून मीही घोकून घ्यायचे. हे गुण काढूनच टाकावेत, असं माझं आता ठाम मत आहे.

यंदा विषय होता ‘धाडस’. वर्गात मी मुक्ता साळवेबद्दल सांगितलं. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांच्या आसपासची मातंग समाजातली मुलगी. आपल्या माणसांचे हाल तिनं स्वतः निबंधात लिहिले आणि 1855 साली ते ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आले. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्यामागं आली. “बाई, तिला कुणी लिहून दिलं नव्हतं ना? मग मपलं मीच लिहू का?”

लिही म्हटलं. वहीचं दीड पान झालं. मी शुद्धलेखनसुद्धा दुरुस्त केलं नाही.

तिचे आईवडील कोल्हापूरकडं फडात. भाषणाआधी तिनं माझ्या फोनवरून आईला लावून मागितला. स्पीकर चालू करून मी फोन टेबलावर ठेवला. पलीकडून कोयत्यांचा आवाज येत होता.

ती बोलायला लागली. “दिवाळी झाली अन् ट्रक आला. आईनं पत्र्याच्या पेटीत सगळ्यांचे कपडे भरले, माझे पण. मी माझे बाहेर काढले. आईनं परत घातले. मी परत काढले. बापू म्हणले, मुकादमाची उचल घेतलीय, आम्ही दोघं तोडायला गेल्यावर कोपीवर बारक्याला कोण बघंल? मी काहीच बोलले नाही. कपडे नुसते धरून बसले.”

मग ती थांबली. विसरली असेल म्हणून मी सवयीनं पहिला शब्द पुटपुटायला गेले, पण कागद तिच्या हातातच होता.

“मी धाडस केलं असं बाई म्हणतात. पण बारका अडीच वर्षांचा आहे. फडात ट्रॅक्टर मागं घेतात. त्याला काही झालं तर ते माझ्यामुळं होईल, असं मला रोज रात्री वाटतं. तरी मी शाळेत येते.”

एवढंच. जय हिंद नाही, जय महाराष्ट्र नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. पुढं बसलेली तिची आजी पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

फोनवर कोयत्यांचा आवाज थांबला होता. जरा वेळानं आई म्हणाली, “हितंच हाय गं तो, वाढ्यावर बसलाय. घे, बोल.”

तिनं स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून लिंबामागं गेली.