३८बी२०एल बदली: आधीची आणि नंतरची मोजमापं

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ट्रेमध्ये ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) ३८बी२०एल बॅटरी. तक्रार एकच: सकाळी सेल्फ (स्टार्टर) जड फिरतो, दुपारी ठीक.

चार्जरवर पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी १२.३९ व्होल्ट. नुसता हा आकडा पाहिला तर बॅटरी पाऊण भरलेली, म्हणजे बरी वाटते. पण सेल्फ मारताना ८.६ पर्यंत खाली आली. ९.६ च्या खाली जायला नको. मग झाकणं उघडून हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावला: पाच सेलमध्ये १.२४०, प्लसकडून तिसऱ्यात १.१५०. सेलसेलमध्ये ०.०५० किंवा जास्त फरक असेल तर तो सेल गेलाच समजायचा. त्यात ॲसिड घालून आकडा वर आणण्याच्या फंदात पडू नका. रीडिंग वाढतं, पण प्लेटा आणखी लवकर जातात. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर.

आपल्याकडे बॅटरीचं खरं नुकसान उन्हाळा करतो. विदर्भातल्या ४५ अंशांत बॉनेटखाली त्याहून बरंच जास्त तापतं, पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते. थंडीत ऑइल घट्ट झालं, सेल्फला जास्त करंट लागू लागला, की ते नुकसान उघड होतं.

नवी आणण्याआधी अर्थिंग (मायनस आणि इंजिनमधला जोड) तपासलं, आणि ही पायरी कुणीही गाळू नये. मीटरची एक तार मायनसच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. ०.४२ व्होल्ट आले, ०.२ च्या आत हवेत. अर्थ पट्टीची दोन्ही टोकं सोडवून पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळले: ०.०८. हे राहिलं असतं तर नवी बॅटरीही अशक्तच वाटली असती.

आता निवड. कोडमधला ३८ हा ताकदीचा दर्जा, बी ही रुंदी-उंचीची श्रेणी, २० म्हणजे लांबी साधारण २० सेंटिमीटर, एल म्हणजे प्लस कोणत्या बाजूला ते. दुकानात आर पुढे केली तर घेऊ नका: तारा पोहोचत नाहीत, आणि उलट जोडल्या गेल्या तर अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचे) डायोड तिथेच जळतात. या मापात खांब बारीक असतात. कोडच्या शेवटी एस असेल तर खांब जाड असतात आणि जुने क्लॅम्प त्यावर बसत नाहीत. ४५ एएचची ४६बी२४एल लावावी का? मोठ्या बॅटरीने अल्टरनेटर जळतो ही भीती खोटी आहे. अडचण जागेची: २४ सेंटिमीटरची बॅटरी या ट्रेमध्ये बसत नाही आणि बॅटरी आवळणारी पट्टी तिला धरत नाही. हलती बॅटरी लवकर मरते. स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणं) असलेल्या गाडीत मात्र कंपनीने दिलेली ईएफबी किंवा एजीएम या खास प्रकारची बॅटरीच लावा.

काउंटरवर दोन गोष्टी बघायच्या. उत्पादनाचा महिना, आणि मीटरवर किमान १२.५. वॉरंटीच्या महिन्यांतले फुकट बदलीचे किती आणि प्रो-राटाचे (वापरलेल्या काळानुसार फक्त काही सूट) किती, हे कार्डावर वाचून शिक्का मारून घ्या. जुनी बॅटरी तिथेच द्या, किमतीत वजावट मिळते. २०२२ च्या नियमांनुसार ती गोळा करून रिसायकलिंगला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

बसवताना १० चा पाना. आधी मायनस सोडायचा, मग प्लस, लावताना उलट. प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असला, तर थेट शॉर्ट. ट्रेमधली पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतली, ट्रे वाळवला. क्लॅम्प आतून घासून खांबाच्या मुळापर्यंत बसवले आणि व्हॅसलिन नंतर, वरून लावलं. आधी लावलं तर ते सांध्यात जातं. हातोडीने क्लॅम्प ठोकू नका, खांबाच्या बुडाशी चीर जाते.

नवीन आकडे: विसावलेली १२.६८, सेल्फ मारताना १०.४, आयडलला चार्जिंग १४.२, हेडलाइट-एसी लावून १३.९. पहिल्या काही मिनिटांत आयडल वरखाली होईल, काचांचं ऑटोही पुन्हा सेट करावं लागतं.

राहिलेलं काम गळतीचं होतं, म्हणजे गाडी बंद असताना किती करंट जातो ते बघायचं. मायनसच्या तारेत मीटर १० अँपिअरच्या खाचेत मालिकेत जोडला, दार बंद आहे असं गाडीला वाटावं म्हणून लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केलं, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) झोपेपर्यंत अर्धा तास थांबलो. २८ मिलिअँपिअर, ५० पर्यंत चालतं. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडतो.