सुट्टे परत देताना

परवा शनिवारी आम्ही चौघं लोअर परळला जेवायला गेलो होतो, मी, बायको, मुलगी आणि सासूबाई. हॉटेलचं नाव नको, जेवण चांगलं होतं. बिल आलं १,६४०. मी त्या काळ्या फोल्डरमध्ये पाचशेच्या चार नोटा ठेवल्या, वेटर "थँक्यू सर" म्हणून फोल्डर घेऊन गेला तो गेलाच. दहा मिनिटं झाली, सासूबाईंची बडीशेप खाऊन झाली, मुलगी दारापर्यंत जाऊन परत आली, पण ३६० रुपये काही आले नाहीत. शेवटी बोलावून विचारलं तर म्हणतो, "सर, आपको चेंज चाहिए था?"

हा प्रश्न मला फार लागला. त्या मुलाला मी दीडशे रुपये देणारच होतो, सुट्टे आल्यावर दिले पण. पण प्रश्न असा टाकला की हो म्हणणारा माणूस घरच्यांसमोर चिकट ठरतो. बायको म्हणाली जाऊ दे ना, कशाला बोलावलंस. मी म्हटलं, परत आलेले पैसे माझ्या हातात आले तरच ते मी कोणाला तरी दिले असं होईल ना, मधल्यामधे राहिले तर ती टीप कशी?

मला हे इतकं लागायचं कारण माझा मामा. दादर स्टेशनजवळच्या एका हॉटेलात त्याने बावीस वर्षं वेटरचं काम केलं. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचा, एका खोलीत दहाबारा जण. मी लहान असताना आईबरोबर तिकडे जायचो तेव्हा बघितलंय, रात्री चटईवर बसून तो दिवसभराची चिल्लर लावायचा, पाचची वेगळी, दोनची वेगळी, रुपयाची वेगळी चळत. पगार मनीऑर्डरने गावाला जायचा आणि मुंबईतला त्याचा स्वतःचा खर्च, म्हणजे जेवणाचा डबा, साबण, दाढी, एसटीचं भाडं, सगळं टीपवर. त्यामुळे टीप म्हणजे वरचे पैसे असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

तर मामाकडे सुट्टे परत द्यायची एक पद्धत होती. आधी म्हणजे शेवटच्या रुपयापर्यंत सगळे परत द्यायचे, गिऱ्हाईक उठून चाललं असेल तरी हाक मारून द्यायचे. दुसरं, नोटा अशा फोडून आणायच्या की माणसाला टीप ठेवता आली पाहिजे. तीनशे परत द्यायचे असतील तर शंभराच्या तीन नोटा आणायच्या नाहीत, कारण शंभर कोणी ठेवत नाही आणि मग काहीच ठेवत नाही. दोन शंभराच्या, एक पन्नासची, दोन विसाच्या, एक दहाची. पण सगळ्या दहादहाच्या पण आणायच्या नाहीत, तो ढीग बघून गिऱ्हाइकाला वाटतं हा मागतोय. आणि बशी ठेवली की लगेच वळायचं, दुसऱ्या टेबलाचं पाणी बघायचं. मामा म्हणायचा, "बशीपाशी उभा रवलंस की तू हात पसरलंस."

हे वाटतं तेवढं सोपं नसतं. गल्ल्यावर सुट्टे नसतातच, संध्याकाळच्या गर्दीत विसाच्या दोन नोटांसाठी गल्ल्यावरच्या शेठशी हुज्जत घालावी लागते, तो म्हणणार चॉकलेट दे. मध्ये दहाच्या नाण्याचा पण घोळ झाला होता, अमुक छापाचं खोटं आणि तमुक छापाचं खरं अशा अफवा, शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याची सगळी चौदा डिझाइन्स चालतात. बशीत पहिलं राहतं ते हेच नाणं, म्हणून वेटर लोकांना त्याचा त्रास जास्त. आणि पावसाळ्यात त्या बडीशेपेच्या बशीत ठेवलेली नोट खडीसाखरेला चिकटते, मामा म्हणून नोटा कायम बिलाच्या कागदावर ठेवायचा, बडीशेप बाजूला.

माटुंग्याच्या उडप्यांकडे अजून ही पद्धत बघायला मिळते. मागच्या महिन्यात तिथे २८५ रुपये बिल झालं, पाचशे दिले, २१५ परत आले ते कसे तर एक शंभर, एक पन्नास, तीन विसाच्या आणि पाचचं नाणं. अण्णा ठेवून निघून पण गेला, मागे वळून बघितलं नाही. मी दोन विसाच्या नोटा ठेवल्या आणि पाचचं नाणं मुद्दाम उचललं, कारण नोटांवर पाचचं नाणं ठेवणं मला बरं दिसत नाही, खिशातली नको असलेली चिल्लर तिथे रिकामी केल्यासारखं वाटतं.

किती द्यायची म्हणाल तर इडली-वडा-कॉफीला मी वीस तीस देतो, बसून नीट जेवलो तर बिलाच्या पाच ते दहा टक्के, आणि ते टॅक्स धरायच्या आधीच्या रकमेवर. उभं राहून टोकनवर खायच्या ठिकाणी देत नाही. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तो आला की सगळीकडे वीस टक्के ठेवतो, तिकडे तसंच आहे कारण तिकडच्या केंद्राच्या कायद्यात टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची किमान मजुरी तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढीच, बाकीचं टीपमधून भरून निघेल असं धरलेलं आहे (काही राज्यांत जास्त आहे). आपल्याकडे तसा हिशोब नाही, पण म्हणून शून्य ठेवून उठायचं हे पण मला पटत नाही.

थाळीच्या ठिकाणी मात्र मला अजून नीट जमत नाही. एक जण फरसाण वाढतो, एक भाजी, एक गरम फुलके घेऊन फिरतो, तूप वेगळाच माणूस, आणि बिल आणतो तो पाचवा, ज्याने आपल्याला काहीच वाढलेलं नसतं. तिथे गल्ल्यावर टीपचा डबा असेल तर मी त्यातच टाकतो, डबा नसेल तर विचारतो की सगळ्यांत वाटतात का. टेबल पुसणारा आणि आत भांडी घासणारा यांना पण त्यातलं मिळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, मामा स्वतःच्यातले पोऱ्याला द्यायचा.

आता सर्व्हिस चार्ज. खूप जण बिलावर तो बघतात आणि टीप ठेवत नाहीत, दिले ना आधीच म्हणून, आणि काहींना तर तो सरकारी टॅक्सच वाटतो. तर बिलावर अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी असतो तो सरकारचा, सर्व्हिस चार्ज हा हॉटेलने स्वतः लावलेला. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलने तो आपणहून बिलात टाकायचा नाही, दुसऱ्या नावाने पण नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाने ठरवायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, मधे स्थगिती होती, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने ते नियम कायम केले. तरी कुठे लावलाच तर काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मी तो काढायला लावतो आणि तेवढीच रक्कम वेटरच्या हातात देतो. एकदा असं केलं तेव्हा मॅनेजरचं तोंड पडलं होतं पण त्या वेटरचं नाही.

आणि खरी पंचाईत यूपीआयची. क्यूआर स्कॅन केला, २८५ म्हणजे बरोबर २८५ गेले, सुट्टे नाहीत म्हणजे बशी नाही आणि बशी नाही म्हणजे टीपची आठवणच नाही. कोणी कंजूष झालेलं नाही, फक्त तो परत आलेल्या पैशांचा क्षणच गेला. वरचे वीस रुपये त्याच क्यूआरवर जास्त पाठवले तर ते मालकाच्या खात्यात पडतात, तिथून वेटरपर्यंत पोचतात की नाही हे त्या मालकावर. आमच्या फोर्टच्या ऑफिसखाली ज्या हॉटेलात आम्ही रोज जेवतो तिथल्या दादांना मी सरळ विचारलं, ते म्हणाले, "कॅश द्या साहेब, दहा द्या पण कॅश द्या."

तेव्हापासून महिन्याच्या सुरुवातीला मी बँकेतून विसाच्या नोटांचं एक बंडल आणतो, शंभर नोटा, दोन हजार रुपये. थोड्या माझ्या पाकिटात, थोड्या बायकोच्या पर्समध्ये. बिल फोनवरून भरायचं आणि उठताना नोट हातात द्यायची, टेबलावर नाही. मुलीला पण आता सवय लागलीये, उठायच्या आधी तीच हात पुढे करते, बाबा आज मी देते. मामा आता गावाला असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर त्याने पहिलं विचारलं, "नोटा कोऱ्या असतत ना?"