व्ही-क्रॉसचे टायर: २६५ बाद, आता २४५/७५

माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला कंपनीच्या २४५/७० पेक्षा उंच टायर घालायचेत. (मापातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत.) मागच्या नोंदीपर्यंत २६५/७० आर १६ ठरल्यात जमा होतं. आता ते माप बाद. कुठे घासतंय ती नेमकी जागा सापडली आणि त्या जागेनेच माप बदलायला लावलं.

मित्राच्या गाडीची २६५/७० ची दोन चाकं उसनी आणून पुढे चढवली होती. अंबडहून पाथर्डी फाट्यापर्यंत गाडी मस्त चालली. पण गिरणाऱ्याजवळ शेताच्या फाटकात वळवताना उजवीकडे फुल लॉक मारून, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून, ब्रेक दाबला, की उजव्या चाकातून खर्रर्र. ब्रेक सोडला की आवाज बंद. उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर बोट सहज शिरेल एवढी फट दिसायची. टायरवाल्यांकडे विचारलं तर उत्तर एकच: “थोडं घासणारच, प्लास्टिक कापून टाका.” कुठलं प्लास्टिक, किती कापायचं, हे कोणी सांगेना. न मोजता चांगल्या गाडीला कटर लावणं मला पटत नाही.

लायनरवर, म्हणजे चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर, खडू फासून पाहिला, पण पावसाळी ओलीत तो टिकेना. मग घरात कुंड्यांसाठी आणलेला गेरू घेतला. पाण्यात घट्ट कालवून टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खांद्यावर (नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेवर) जुन्या रंगाच्या ब्रशने चोपडला, वाळू दिला आणि पुन्हा त्याच फाटकात तेच वळण, तोच ब्रेक. खाली वाकून टॉर्च मारला तर लायनरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे आतून केबिनचं माउंट (केबिन चेसिसवर बसते ती जागा) येतं तिथे, तळहाताएवढा लाल अर्धचंद्र उमटलेला. बाहेरच्या खांद्यावरचा गेरू जसाच्या तसा होता. आतला मात्र एका पट्ट्यात साफ पुसला गेला होता. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

फुल लॉकमध्ये वळणाच्या आतल्या चाकाची मागची कड चेसिसच्या बाजूला येते. त्यात ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, सस्पेन्शनच्या आर्मचे रबर बुश तेवढे दबतात आणि चाक काही मिलिमीटर मागे सरकतं. म्हणून उभ्या गाडीत फट दिसते आणि चालत्या गाडीत नाही. घासत होता तो आतला खांदा. म्हणजे उंचीइतकाच रुंदीचाही प्रश्न होता.

लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच केली, की घासणं थांबेल, असं बऱ्याच जणांनी सुचवलंय. खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर टायर वर लागत असेल तर लिफ्टने नक्की फरक पडेल. पण फुल लॉकला माउंटच्या बाजूला घासतंय, त्यावर लिफ्ट हा इलाज नाही. अलाइनमेंटला कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) थोडा वाढवून घेतला तर चाक पुढे सरकतं, तो उपाय खरा. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलणारी चकती, मात्र मी बसवणार नाही. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, वळताना पुढची बाहेरची कड बंपरला भिडायला लागते, आणि एक घासणं घालवून दुसरं पदरात पडतं.

तो लाल डाग बघता बघता मग कागद घेतला. कंपनीचा २४५/७० आर १६ हिशेबाने ७४९ मिमी उंच. २६५/७० येतो ७७७. आणि २४५/७५? ७७४! उंचीत साडेतीन मिलिमीटरचा फरक आणि रुंदी मूळ टायरचीच. त्याच रिमवर आतला खांदा माउंटपासून २६५ पेक्षा साधारण १० मिमी लांब राहणार, आणि अर्धचंद्र जेमतेम तेवढाच रुंद होता. ग्राउंड क्लिअरन्स १२ मिमी वाढतो, २६५/७० ने १४ वाढला असता. या दोन मिलिमीटरसाठी कटर कशाला काढायचा?

शिवाय २४५/७५ आर १६ म्हणजे २०२० च्या थारच्या एएक्स मॉडेलचं माप. थार बनते आपल्या नाशकात, सिएटचा कारखानाही इथलाच, त्यामुळे हे माप दुकानात विचारलं तर कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. २६५ साठी मात्र जीव नकोसा झाला होता. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे काही पॅटर्नची वाटच बघावी लागते. एका पुरवठादाराने तर जोडीतले दोन टायर दोन वेगवेगळ्या वर्षांचे पाठवले. साइडवॉलवरचे (टायरच्या बाजूवरचे) तारखेचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, आणि दोन्ही परत केले. पैसे देण्याआधी हे आकडे वाचाच. चकचकीत पॉलिश केलेला टायर नवा असेलच असं नाही.

अरुंद टायरबद्दल आणखी एक. दिंडोरी-निफाडच्या काळ्या मातीत पावसात रुंद टायर वर तरंगतो आणि नक्षी गच्च भरते. अरुंद टायर नांगराच्या फाळासारखा खाली घुसून कडक थर पकडतो. द्राक्षबागेतून क्रेट काढायच्या दिवसांत मला हेच हवंय. वाळूत रुंद बरा, पण आपल्याकडे वाळू कुठे आहे?

गिअरिंगचा विचार करायलाच हवा. टायर ३.३ टक्क्यांनी मोठा, म्हणजे मीटर १०० दाखवेल तेव्हा चाकं मूळ टायरच्या मानाने १०३ च्या पुढे पळत असणार. इंजिन १३४ बीएचपी आणि ३२० एनएमचं. कसारा घाट भरल्या गाडीने चढताना पाचवा लवकर सोडावा लागेल, ते मला मान्य आहे. २६५/७५ घेतला असता तर हाच फरक ७ टक्क्यांवर गेला असता आणि क्लचने हिशेब मागितला असता.

स्टेपनीसकट पाच टायर एकाच मापाचे घेणार. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढे एक व्यास आणि मागे दुसरा असला तर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे) हाल होतात. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो. आणि माप बदलतंय म्हटल्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांबद्दलचं) आणि विमा दोन्ही आले. विमा कंपनीला लेखी विचारलंय, उत्तर आल्याशिवाय ऑर्डर नाही.

इथपर्यंत साधा एटी (ऑल-टेरेन, रस्ता-माती दोन्हींसाठीचा) घ्यायचा असं पक्कं होतं. पण लिहिता लिहिता हरसूलच्या वाटेवरचे फुटलेल्या काळ्या दगडाचे तुकडे डोळ्यांसमोर आले. तिथे कापतो तो साइडवॉलच. मग एलटी (लाइट ट्रक, जाड आणि कडक) बनावटीचा २४५/७५ का नको? दहा प्लाय, लोड इंडेक्स १२०. अडचण अशी की रिकाम्या पिकअपला मागे पट्ट्याचे स्प्रिंग आधीच कडक, त्यात एलटी म्हणजे मुंबई नाक्यापर्यंत कंबर दुखेल. दरवाजाच्या पट्टीवरचा हवेचा आकडाही त्याला चालत नाही, नक्षीवर आडवी खडूची रेघ मारून तो आपणच शोधायचा. गाडी थोडी सरळ चालवायची. मधलीच रेघ पुसली गेली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. त्यासाठी हवेचं गेज घड्याळाच्या काट्याचंच घ्या. माझ्याकडचं स्वस्त डिजिटल एकाच टायरला सलग वेगळे आकडे दाखवायचं, ते काढून टाकलं.

म्हणून आता क्रम असा: आधी थारवाल्या ओळखीच्याकडून २४५/७५ बसवलेली जोडी घ्यायची, पण फक्त टायर माझ्या रिमवर चढवून. त्याच्या रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) वेगळा, त्यावर केलेली चाचणी आपल्या कामाची नाही. मग पुन्हा गेरू, या वेळी पुढचं एक चाक बांधावर चढवून, सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि लॉक मारून. डाग उमटला नाही तर ऑर्डर. साधा की एलटी, हे मात्र ठरायचंय. रिकाम्या व्ही-क्रॉसवर कोणी एलटी चालवत असेल तर मागच्या टायरमध्ये किती हवा ठेवता आणि मधली नक्षी लवकर झिजते का, एवढं कळवा.