लॉग ४ : सपाट नागपूरचे चढ आणि नगरधनचा स्टँड

मागच्या लॉगमध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की नागपूरकरासाठी सायकलची ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळचं लहान दातेरी चाक, चढासाठीचं) म्हणजे शोकेसमधली बाहुली. ते वाक्य मागे घेतो. हसून घ्या.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : वय ४६, वजन ७८, सायकल अ‍ॅल्युमिनियमची, क्रँक ५०/३४ (पुढच्या मोठ्या आणि लहान चेनरिंगचे दात). लक्ष्य जानेवारीअखेर २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड), म्हणजे साडेतेरा तासांत घरी. ऑक्टोबरच्या आधीची सगळ्यांत लांब राईड १०४, तीही वर्धा रोडवर नाकासमोर.

ऑक्टोबरचे सगळे रविवार काटोल रोडवर घातले. गोरेवाडा मागे पडलं, फेटरी गेलं की रस्ता वर-खाली व्हायला लागतो. घाट म्हणावा असं काही नाही. कारमधून जाताना तर जाणवतही नाही, मी वीस वर्षं जातोय. पण एक चढ उतरून हुश्श करावं तर पुढचा उभाच. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे, त्यामुळे जमीन अशी लाटांची. पूर्वेला कन्हान ओलांडली की खडक बदलतो, धानाच्या बांध्या सुरू होतात आणि रस्ता पाटासारखा होतो. शाळेत भूगोलाच्या सरांनी नकाशावर शिकवलेलं हे मला मांड्यांनी शिकवलं.

चूक काय करत होतो ते लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल. प्रत्येक चढावर सीटवरून उठून मोठ्या चेनरिंगमध्येच रेटायचो. पहिले पाच चढ झकास. कळमेश्वरला पोचेस्तोवर पाय लाकडाचे. आणि आमच्या ग्रुपमधले काका (वय ६१, रिटायर्ड) बसल्या बसल्या पाय फिरवत बाजूनं निघून जायचे, वर गुणगुणत. तिसऱ्या रविवारी त्यांनी थांबून सांगितलं, ‘‘चढ दिसला की गिअर टाकायचा रे. चढ लागल्यावर नाही.’’ दुसरं सांगितलं उताराबद्दल. मी उतारावर पाय थांबवून आराम करायचो. तो आराम पुढच्या चढाला महागात पडतो. खाली पोचेपर्यंत हलकं पेडल मारत राहिलं तर पुढचा अर्धा चढ फुकटात मिळतो. एवढ्या दोन गोष्टींनी परतीची वेळ अकरा मिनिटांनी कमी झाली, ते पण उलटी न होता.

मग कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बदलली, ११-२८ दातांची काढून ११-३२. ३४/२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग येतो ताशी ९ च्या आसपास. त्याच फेऱ्यांना ३४/३२ वर ८. कागदावर एकाचा फरक, पण गुडघ्याला विचारा. तुम्ही बदलणार असाल तर आधी आपला मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३२ घेतो का ते बघा, आणि चेन नवी, योग्य लांबीची टाका. मी जुनी आखूड चेन तशीच ठेवली होती. पुढे मोठी, मागेही मोठी चकती लावल्यावर ती तारेसारखी ताणली गेली आणि पोटात गोळा आला.

टायर २५ मिमीचे २८ केले. हवा ९५ पीएसआयवरून पुढे ६५, मागे ७२. गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर हात बधिर होणं बंद झालं. वेग कमी झाला असेल तर मला कळलेला नाही.

नोव्हेंबरात धापेवाडा-आदासा. कळमेश्वर, धापेवाडा, आदासा, सावनेर, पाटणसावंगी, कोराडीवरून परत. विदर्भाची पंढरी म्हणतात त्या धापेवाड्याला नदीचं नावही चंद्रभागाच. तिथं विठ्ठलाला बाहेरूनच हात जोडले, कारण क्लीटच्या (तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेल्या) बुटांनी ओल्या दगडावर चालणं म्हणजे शेणावर स्केटिंग. आदासा टेकडीवरच्या गणपतीला मात्र बूट काढून वर गेलो.

पण त्या राईडची खरी आठवण पंक्चरची. धापेवाड्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, बोट फिरवून टायर आतून बघितला, काही लागलं नाही, निघालो. दोन किलोमीटरवर परत फुस्स. काका शांतपणे शेजारच्या वावरात गेले, वेचणाऱ्या बाईंना विचारून कापसाचं एक बोंड घेऊन आले. त्यातला कापूस टायरच्या आतल्या बाजूनं हळू हळू फिरवला. एका जागी धागे अडकले. बोटाला काहीच लागत नव्हतं, पण तिथं बाभळीच्या काट्याचं टोक मोडून रबरात रुतलेलं होतं, जिऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढं. हवा भरली की ते आत डोकं काढायचं. नखं कापायच्या चिमट्यानं ओढून काढलं. बाई बांधावरून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘कापूस असाबी कामाचा हाये म्हना.’’

डिसेंबरचा दुसरा रविवार, रामटेक आणि नगरधन. झिरो माइलपासून सव्वापाचला निघालो. समोर सीताबर्डीची टेकडी, जिथं १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. त्यानंतर चार वर्षांत कामठीची छावणी उभी राहिली, आणि आज त्याच कामठीच्या कुत्र्यांनी आमच्यावर हल्ला चढवला. थंडीत वारा बहुतेक उत्तर-ईशान्येचा, म्हणजे जाताना तोंडावर. चौघं आळीपाळीनं पुढे. कन्हानला पोहे, वर चण्याची तर्री, त्यावर पुन्हा तर्री. मनसर आलं तोवर चांगलं उजाडलं होतं. तिथल्या मँगनीजच्या खाणींमुळे कडेची माती काळपट, बाटलीसुद्धा काळी होते.

रामटेकच्या गडावर जाणारा रस्ता हा या भागातला खराखुरा चढ. ३४/३२ टाकलं, बसून राहिलो, एकदाही पाय टेकला नाही. दोन महिन्यांपूर्वी मी इथं सायकल ढकलली असती. वरून अंबाळा तलावावर धुकं होतं. एवढंच, जास्त कवित्व करत नाही.

तिथून नगरधन जेमतेम सहा किलोमीटर, दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं. हे म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन, असं अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता, नवरा वाकाटक राजा रुद्रसेन लवकर गेल्यावर लहान मुलांच्या नावानं तिनं इथून कारभार पाहिला. २०१५ नंतरच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा इथं सापडली. आज दिसतात ते तट-बुरूज भोसल्यांच्या काळातले. मुद्रेचं ते मातीचं ढेकूळ सोळाशे वर्षं जमिनीखाली शाबूत राहिलं आणि माझी बाटली मागच्या आठवड्यात एका खड्ड्यात फुटली, हे डोक्यातून जाईना.

दरवाज्याशी सायकल ठेवायला जागा शोधत होतो. एक आजोबा बिडी पेटवून कधीचे बघत होते.

‘‘केवढ्याची जी सायकल?’’

खरा आकडा सांगायचं धाडस झालं नाही. अर्धा सांगितला.

‘‘अन् येवढ्या पैशात तिले स्टँडबी नाही देल्लं?’’

काका हसून खाली बसले. शेवटी आजोबांनीच आपल्या भिंतीशी सायकली टेकवून घेतल्या आणि आम्ही तटावरून फिरून येईपर्यंत राखण केली. निघताना म्हणाले, ‘‘पुढल्या खेपी स्टँड बसवून आना.’’

परतीला वारा पाठीवर, कामठीपर्यंत ताशी २८-३० नं आलो. मनसरजवळ एकाचं पंक्चर, तेवढंच.

आकडे : ११२ किलोमीटर. चालत्या सायकलीवर ५ तास ८ मिनिटं, सरासरी २१.८. घरापासून घरापर्यंत ७ तास २० मिनिटं, सरासरी १५.३. यातला दुसरा आकडा बघा. बीआरएमचं घड्याळ तुम्ही थांबलात म्हणून थांबत नाही आणि साडेतेरा तासांत २०० म्हणजे ताशी १४.८. म्हणजे एवढं सगळं पाय कमावून मी काठावर पास. काकांनी थांब्यांचा हिशेब मांडला : पोहे ३५ मिनिटं, रामटेक ३०, किल्ला ४०, पंक्चर २७. ‘‘किल्ला काप,’’ म्हणाले. मी म्हटलं पोहे कापतो. केळी आणि गुळाची चिक्की खिशात, सायकलवरच खाणार. त्यावरून घरापर्यंत वाद चालला, अजून मिटलेला नाही.

जानेवारीत एक १५० ची राईड बाकी आहे. त्यानंतर, बीआरएम झाली तर, फेब्रुवारीत सौसरवरून सिलेवानी घाट चढून देवगड (कोकणातलं नव्हे, मध्य प्रदेशातलं). नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंदचा किल्ला, इतकी वर्षं इथं राहून बघितलेला नाही. कुणी त्या रस्त्यानं रोड बाईक नेली असेल तर डांबर कसं आहे ते कळवा.

सॅडलबॅगमध्ये सध्या : दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे दोन लिव्हर, चिमटा, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, कापसाचं एक बोंड.