चार फुटी मल्चर: पहिला हंगाम आणि पात्यांचं वजन

पावसाळ्यातली कापणी झाली, दसऱ्यानंतरचीही उरकली. आता मल्चरची, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून गवत कापून त्याचा चुरा करणाऱ्या यंत्राची, निवड आणि देखभाल दोन्हींवर खात्रीने लिहिता येईल.

जमीन भोरच्या पश्चिमेकडची, उताराची आणि मुरमाड. झाडं आंबा, चिकू, आवळा. इथे रोटाव्हेटर फिरवला की मोकळी झालेली माती पहिल्याच जोरदार पावसात ओढ्याला लागते. म्हणून गवताची मुळं जमिनीत ठेवायची आणि वरचा पाला बारीक करून जागच्या जागी पाडायचा, एवढं आधीच पक्कं होतं. स्लॅशर, म्हणजे आडव्या फिरणाऱ्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र, स्वस्त पडतो, पण तो लांब गवत लांबच ठेवतो आणि त्याचे ढीग पाडतो. मल्चरचा चुरा पूर्ण रुंदीत सारखा पसरतो आणि लवकर कुजतो. मला आच्छादन हवं होतं, त्यामुळे हा निर्णय सोपा होता.

मापाचा निर्णय मात्र पीटीओ, म्हणजे मागच्या यंत्राला ताकद देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा, बघून घ्या. माझा ट्रॅक्टर २८ एचपीचा. पीटीओवर त्यातले चोवीसच्या आसपास हाती लागतात. ओल्या, कमरेएवढ्या गवतात पाच फुटी मशीन त्याला ओढवलं नसतं. दुसरी अट अशी की मशीन मागच्या चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडं रुंद हवं, नाहीतर चाकाखाली दबलेला पट्टा तसाच राहतो. चार फुटात दोन्ही जमलं. बाजूला सरकवता येणारी फ्रेम घेतली, तिचे पैसे वसूल झाले: ट्रॅक्टर फांदीच्या बाहेर राहतो आणि मल्चर आळ्यापर्यंत पोचतो. अनुदान हवं असेल त्यांनी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नये.

पात्यांत दोन मुख्य प्रकार. हातोडा पाती जाड काडीसाठी, ती ठोकून फोडतात; त्यांना ताकदही जास्त लागते. वाय पाती म्हणजे एकाच बोल्टवर पाठीला पाठ लावून टांगलेली वाकड्या पात्यांची जोडी. गवत, घाणेरीची कोवळी फूट, बोटाएवढी रानमोडी ती सहज घेतात, आणि दगड लागला तर मागे दुमडतात. माझ्या मुरमाड माळाला वाय पातीच योग्य.

आता मुख्य मुद्दा. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असतो तेव्हा आतला रोटर, म्हणजे पाती टांगलेला आडवा रूळ, मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फिरत असतो. एवढ्या वेगात एका बाजूला थोडंसं वजन कमी पडलं तरी हादरा बसतो, आणि तो हादरा आधी बेअरिंग खातो, मग वेल्डिंगला तडे पाडतो. म्हणून तुटलेलं पातं एकटं बदलत नाही. रोटरच्या समोरासमोरच्या बाजूंची जोडी बदलतो. नवी पाती बसवण्याआधी किराणा तोलायच्या डिजिटल काट्यावर ठेवतो. एकाच खोक्यातल्या पात्यांतही काही ग्रॅमचा फरक निघतो, तेव्हा सारख्या वजनाची पाती समोरासमोर लावायची. बोल्टचं भोक लांबट झालंय का, पातं बोटाने हलवलं की मोकळं झुलतं का, हेही तेव्हाच बघून होतं. नायलॉनचा नट प्रत्येक वेळी नवा. ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात आणि मशीनखाली लाकडी ठोकळे असल्याशिवाय हात आत घालायचा नाही. हायड्रोलिकवर उचललेल्या मशीनवर भरवसा ठेवू नये.

चालवताना गवत दाट आलं तर गिअर खाली घ्यायचा, रेस कमी करायची नाही. फेऱ्या पडल्या की पाती मागे झुकतात आणि गवत कापलं जाण्याऐवजी चेचलं जातं. मागचा रोलर अडीच-तीन इंचांवर ठेवलाय. दगडही वाचतात आणि गवताचे गड्डेही. वळताना आधी पीटीओ बंद, मग लिफ्ट. बंद केल्यावरही रोटर बराच वेळ फिरत राहतो, तो पूर्ण थांबेपर्यंत कोणालाही जवळ येऊ देत नाही. पुढचे लोखंडी फ्लॅप तर कधीच काढू नका, दगड तिथूनच सुटतो.

ठिबकच्या नळ्या हा आपल्या बागांतला खास धोका. कापणीच्या आदल्या दिवशी त्या गोळा करून बुंध्याला बांधतो. नळी, सुतळी किंवा तार रोटरच्या टोकाला गुंडाळली गेली की बेअरिंगचं सील फाडते. म्हणून काम संपल्यावर दोन्ही टोकांचं गवत आकडीने उपसून काढायचंच.

ग्रीस साधारण आठ-दहा तासांनी, सील फुगेपर्यंत दाबायचं नाही. पीटीओ शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे वळणारे सांधे, त्यातच येतात. गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं तेल. पहिलं तेल लवकर बदललं, तळाला राखाडी चिकट भुकटी होती, नव्या दातांची असते. नवे बेल्ट पहिल्या काही तासांत ताणतात, त्यामुळे तेव्हा दोनदा तपासले. बेल्ट बदलायचे तर सगळे एकदम. जुन्यात एक नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो.

गाजरगवताला मात्र मल्चर पुरेसा नाही. वरून कापलं की ते बुडातून फुटतं आणि आखूड राहूनच फुलतं. ते फुलण्याआधी ओल्या मातीतून मुळासकट उपटावंच लागतं, हातमोजे घालून.

कुसळी गवत कुसळं धरायच्या आत कापलं गेलं, हे या हंगामातलं सगळ्यात मोठं समाधान. पुढचं काम कुंपणालगतच्या जाळरेषेचं, म्हणजे वणवा आत येऊ नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याचं. वणवे फेब्रुवारीपासून लागतात, म्हणून जानेवारीतच तो पट्टा अगदी आखूड कापायचा आणि चुरा दाताळ्याने ओढून आंब्याच्या आळ्यात टाकायचा. तिथे दगड जास्त आहेत, त्यामुळे आधी पायी फिरून ते वेचतोय. पात्यांची एक तोललेली जोडी त्यासाठी बाजूला काढून ठेवलीय.