तुम्ही विचारलंत म्हणून: लायसन आहे का तुमच्याकडे?

फोन पुण्याहून येतो, बेंगळुरूहून येतो, कधी अमेरिकेतून. आई भुसावळला एकटी असते, नाहीतर वडिलांना पॅरालिसिसचा झटका येऊन ते जळगावच्या दवाखान्यात पडलेले असतात आणि उद्या डिस्चार्ज असतो. घरी राहून पेशंटचं करणारी चोवीस तासांची बाई हवी असते, आणि अशा बायका देणारा ब्युरो मी चालवते. रेट विचारून होतो, बाईचं वय विचारून होतं, जातही विचारून होते (हो, अजून विचारतात). मग आवाज जरा कडक करून शेवटचा प्रश्न येतो: "मॅडम, तुमच्या ब्युरोला सरकारी लायसन आहे ना?"

नाही. माझ्या धंद्यासाठी म्हणून असं लायसन अजून निघालेलंच नाही.

माझ्याकडे आहे तो गुमास्ता. तोही नावालाच. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकीच माणसं असतील तर नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, की पावती मिळते. ऑफिसात मी आणि फोन घेणारी एक मुलगी. ती पावती मी फ्रेम करून भिंतीवर लावली आहे, कारण समोर बसलेल्या माणसाला भिंतीवर काहीतरी दिसावं लागतं.

आता तुमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन घ्या. तो ज्या एजन्सीकडून आलाय तिला 2005 च्या केंद्रीय कायद्याखाली परवाना काढावा लागतो. गार्डचं ट्रेनिंग आणि त्याची पोलिसांकडून पडताळणी, दोन्ही त्या कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात तर खासगी सुरक्षा रक्षकांसाठी 1981 पासून वेगळा कायदा आहे. म्हणजे गेटवर बसणाऱ्याचा विचार सरकारने दोनदा केला. गेटच्या आत, बेडरूममध्ये, सोन्याची पोत उशाखाली ठेवून झोपणाऱ्या आजीजवळ रात्र काढणाऱ्या बाईचा एकदाही नाही.

एकदा होता होता राहिला, असं म्हणायला हवं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 चा. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. घरी जाऊन ज्येष्ठांची सेवा करणाऱ्या संस्थांची नोंदणी, सेवेचा किमान दर्जा, शिकलेली आणि पोलिसांनी पडताळलेली माणसं, सगळं त्यात होतं. विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तिच्याबरोबर संपलं. ते पास झालं असतं तर तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आज एका शब्दाचं उत्तर असतं.

पण लायसनवर माझं एवढं अडलेलं नाही. लायसन ब्युरोला मिळेल. बाई कोणाची कामगार, हे त्याने ठरत नाही, आणि खरा गुंता तिथे आहे. तुम्ही म्हणता बाई ब्युरोची. ब्युरोवाले म्हणतात आम्ही फक्त गाठ घालून देतो, बाई घरवाल्यांची. आणि बाईला विचाराल तर ती म्हणते, जो पगार देईल त्याची. हे अधांतरी राहणं सगळ्यांच्या सोयीचं आहे, तिच्या सोडून. रात्री पेशंटला उचलताना तिची कंबर धरली तर औषधाचा खर्च कोणाचा? बाथरूममध्ये घसरून हात मोडला तर? आमच्याकडे हे होतं, आणि दर वेळी कोण किती चांगल्या मनाचं आहे यावर ते सुटतं किंवा सुटत नाही.

कायदे शोधायला गेलात तर तुकडे सापडतात. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. नोंदणीला वयाची अट 18 ते 60 आणि सोबत मालकाचं प्रमाणपत्र. पोळ्या करणारी बाई एका घरी दहा वर्षं असते, तिला प्रमाणपत्र मिळतं. आमच्या बाईचं घर पेशंट बरा झाला की बदलतं, आणि पेशंट गेला तरी बदलतं. तेराव्याच्या घरात जाऊन प्रमाणपत्रावर सही कोण मागणार? राजस्थान, केरळ, कर्नाटक यांनी घरकामाला किमान वेतन लावलं, आपल्याकडे ते झालं नाही. नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरकामगार असंघटित म्हणून धरलेत खरे, पण घराला कामाचं ठिकाण मानून तास, सुट्टी, विश्रांती ठरवणारं काही हाती लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट हवी का, हे बघायला समिती नेमा.

गंमत म्हणजे एका कायद्याला घर हे कामाचं ठिकाण आहे हे नीट माहीत आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात राहतं घरही येतं. एजन्सीमार्फत घरकामाला लागलेली बाईही येते. ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते आणि तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य असेल तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. मी हे प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगते. घरच्यांनाही सांगते. काहींचा चेहरा उतरतो. ते घर मी लक्षात ठेवते.

आता बाईचं शिक्षण. "ट्रेन्ड आहे ना?" हे लायसनच्या मागोमाग येतंच. एक वही दाखवते तुम्हाला. भुसावळची रेल्वेतून रिटायर झालेल्यांची कॉलनी, ऐंशीच्या पुढची आजी, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. बाई चोपड्याकडची, सहावीपर्यंत शिकलेली, आधी एका खासगी दवाखान्यात आया होती. शंभर पानी वहीत तिने पेन्सिलीने रकाने आखलेत: वेळ, कूस, लघवी, खाणं. रात्री 2, डावी. 4, उताणी. 6, उजवी. लघवी 150, गढूळ. आणि समासात तिच्या बोलीत, "आजीनी रातले काही खादं नही." डॉक्टरांनी ती वही चाळली, गढूळ शब्दावर बोट ठेवलं आणि लघवी तपासायला पाठवली. इन्फेक्शन निघालं, वेळेत निघालं. आजीच्या पाठीवर एकही बेडसोर नाही. एअर बेडचा त्यात वाटा आहे, पण दोन तासांच्या कुशीचा जास्त.

ही बाई ट्रेन्ड आहे की नाही? कागदावर नाही. होम हेल्थ एडचा सरकारमान्य अभ्यासक्रम आहे, पण तिथे शाळेचा दाखला आडवा येतो. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. वर्षातून दोनदा तिथे अशा बायकांची हातांची परीक्षा घ्या, पेनाची नको. कूस बदलून दाखव, बेडशीट बदलून दाखव, घास अडकला तर काय करशील दाखव. त्याच परीक्षेत तिने काय करायचं नाही हेही ठरेल. कारण घरचे लोक हळूच सांगतात, मावशी, इन्सुलिन तुम्हीच टोचा, नाकातली नळी निघाली तर तुम्हीच घाला, सिस्टरला कशाला बोलवायचं, तिचे वेगळे पैसे. नळी घालणं नर्सचं काम आहे. चुकून फुफ्फुसाच्या वाटेला गेली तर पेशंट जातो, आणि पोलिसांत नाव बाईचं जातं.

सुट्टीवरून मी सगळ्यात जास्त भांडते. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. आठवड्याला एक सुट्टी, त्या दिवशी बदली बाई, असं मी लिहूनच घेते. तरी आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की वाद ठरलेला. खान्देशात आखाजीला लेक माहेरी जाते, झोके बांधतात, गाणी म्हणतात. वर्षभर परक्याच्या म्हाताऱ्यांचं केलेली बाई तेव्हा थांबत नाही आणि तिने थांबूही नये. फोनवर मुलगा म्हणतो, "इथे आईचं असं आणि तिला सण सुचतोय?" तो स्वतः दिवाळीत आलेला नसतो. हे मी त्याला बोलून दाखवत नाही, इथे लिहिते आहे. दुसरी ओढ कापसाच्या वेचणीची. वेचणीला किलोवर रोख मिळतं आणि संध्याकाळी आपल्या घरी झोपता येतं. त्या दिवसांत माझ्याकडच्या बायका निम्म्यावर येतात, आणि त्यांचं गणित चुकतं असं मला वाटत नाही.

पैशांचंही एकदा बोलू. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचं कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत. त्यात दवाखान्यातला खर्च बसतो, आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांची औषधं-तपासण्या. सोळाव्या दिवसापासून कुटुंब आणि त्याचं नशीब. लकव्याचा माणूस सोळाव्या दिवशी चालायला लागत नाही. मग शेतकरी घरात सून काम सोडून बसते, नाहीतर नातीची शाळा सुटते, आणि तो खर्च कुठल्याही बिलात दिसत नाही. अपंगांच्या 2016 च्या कायद्यात, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत तो आणायला हवा. वर जीएसटीची टांगती तलवार: रुग्णसेवा करमुक्त, मनुष्यबळ पुरवठा 18 टक्के. आजीची कूस बदलणं यातलं कुठलं?

म्हणून आम्ही काही ब्युरोवाल्यांनी निवेदन दिलं. एका खात्याने सांगितलं हा आरोग्याचा विषय, दुसऱ्याने सांगितलं कामगारांचा. आवकचा शिक्का दोन्हीकडे मिळाला.

आमच्यातही एकमत नाही. काहींना लायसनसाठी मोठी अनामत हवी आहे, म्हणजे उठसूट कोणी मोबाईलवर ब्युरो काढणार नाही. माझा त्याला विरोध आहे. दोन-पाच लाखांची अनामत पारोळ्याची किंवा शहाद्याची बाई कुठून भरणार? मग उरतील मोठ्या शहरांतल्या कंपन्या, आणि त्यांची गाडी तालुक्याच्या गावी येत नाही. माझं म्हणणं, नमुना घरातच आहे. हमालांसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम) मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार द्यायचा, फंड-ग्रॅच्युइटी बघायची. पोत्याचा मालक रोज बदलतो तरी हमालाचा फंड तुटत नाही. आमच्या बाईचंही तेच दुखणं आहे, घर बदलतं आणि सगळं पुन्हा शून्यापासून. असं मंडळ जिल्ह्याला आलं तर माझं कमिशन कमी होईल, हे मला माहीत आहे. बरोबरचे काही जण त्यावरून माझ्याशी बोलत नाहीत.

तोवर मला लायसनऐवजी दुसरं विचारा. बदली बाई कोण, तिचं नाव आधी सांगाल का? पोलिस पडताळणीचा कागद दाखवाल का? (आधारवर सासरचा पत्ता आणि बाई राहते माहेरी, म्हणून तो कागद कधी कधी महिनाभर अडकतो, तेही सांगेन.) मी घेते त्यातले बाईला किती देते? तिला अपघात विमा आहे का? या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे लेखी आहेत.

आणि पुढच्या निवेदनावर सही करा. आतापर्यंतच्या सह्या ब्युरोवाल्यांच्या आणि बायकांच्या आहेत, पेशंटच्या मुलांची एकही नाही. तुमचं मत पुण्यात असेल, आईचं जळगावात आहे. प्रत दोन्हीकडच्या आमदारांना पाठवता येते, मसुदा मी व्हॉट्सॲप करते.